वाचलेला उतारा हरवला तर : सीमाभागातल्या नव्या वाचकांसाठी शोधाची वाट

“काका, मी हे कुठंतरी वाचलोय बघा, पण कुठं ते काय केल्या आठवंना.” बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या वाचनालयांत हे वाक्य नेहमी कानावर येतं. कुणाला वक्तृत्व स्पर्धेसाठी तो उतारा हवा असतो, कुणाला लेकीच्या लग्नपत्रिकेवर घालायला चार ओळी हव्या असतात. कुणाला काहीच नको असतं, फक्त त्या ओळी पुन्हा एकदा वाचायच्या असतात. मी आमच्या गावच्या वाचनालयाचं काम बघतो आणि असे उतारे शोधून द्यायला मला मनापासून आवडतं. नुकतंच वाचनाला लागलेल्यांसाठी ही पद्धत लिहून ठेवतोय.

बहुतेक जण हरवलेला उतारा शब्दांवरून शोधायला जातात. आठवेल तसं वाक्य मोबाइलवर टाकायचं, काही आलं नाही की नाद सोडायचा. खरं तर शब्द ही आपल्या आठवणीतली सगळ्यात कच्ची बाजू असते. उतारा कुठं बसून वाचला, कुणी आणून दिला, पान कसलं होतं, हे त्यापेक्षा कितीतरी पक्कं असतं. म्हणून शोध तिथून सुरू करायचा.

याला प्रयोगाचा आधार आहे. 1967 साली जॅकलिन सॅक्स या संशोधक बाईंनी लोकांना काही उतारे ऐकवले. मध्येच थांबवून आधी येऊन गेलेलं एक वाक्य त्या पुन्हा समोर ठेवत, कधी जसंच्या तसं, कधी रचना बदलून, कधी अर्थच बदलून, आणि विचारत, हेच होतं का? वाक्य नुकतंच ऐकलेलं असलं तर लोक सगळे बदल ओळखत. मध्ये 80 अक्षरांएवढा मजकूर गेला की अर्थातला बदल तेवढा पकडता येई, रचनेतला बदल बहुतेकांच्या ध्यानातच येत नसे. 80 अक्षरं म्हणजे छापील तीन-चार ओळी. दहा वर्षांपूर्वी वाचलेल्या परिच्छेदाचे शब्द जसेच्या तसे डोक्यात असतील, ही अपेक्षाच धरू नये. उलट 1971 साली अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी दाखवलं की एखादी माहिती पानावर साधारण कुठं होती हे वाचकांना बऱ्यापैकी सांगता येतं, तसं लक्षात ठेवायला त्यांना कुणी सांगितलेलं नसलं तरी. “डाव्या पानावर, खालच्या बाजूला होतं” असं तुम्हाला वाटत असेल तर ते वाटणं लिहून ठेवा. पुढं ते कामाला येतं.

आधी कागद, मोबाइल नंतर

शोधाला लागण्याआधी एका कागदावर आठवतंय ते सगळं लिहा. हे आधीच करायचं, कारण शोधताना तुमच्यासमोर दहा सारखे उतारे येणार आणि त्यांचे शब्द, त्यांची नावं मूळ आठवणीत मिसळणार. एकदा मिसळलं की निवडता येत नाही.

कागदाचे उभे दोन भाग करा. एकीकडं ‘नक्की’, दुसरीकडं ‘वाटतंय’. लेखकाचं नाव शंभरातल्या नव्वदांनी ‘वाटतंय’ खालीच लिहावं, कारण आवडलेलं वाक्य आपण नकळत आवडत्या लेखकाच्या नावावर घालतो. ‘नक्की’ खाली काय येतं? तेव्हा तुम्ही शाळेत होता की कॉलेजात. उन्हाळ्याची सुट्टी होती की गणपती. पुस्तक घरचं, वाचनालयाचं, की मामानं दिलेलं. ओळी पानभर सलग होत्या की पान दोन स्तंभांत विभागलेलं होतं. शेजारी चित्र होतं का, जाहिरात होती का. आणि मुख्य म्हणजे तुम्ही ते वाचलं होतं की ऐकलं होतं. कीर्तनात, प्रवचनात, सरांच्या भाषणात ऐकलेलं वाक्य काही वर्षांनी वाचल्यासारखं वाटायला लागतं, हे फार वेळा होतं.

कागदाच्या रूपाकडं नीट लक्ष द्या. दोन स्तंभ आणि मधे तेलाची, साबणाची किंवा सराफाची जाहिरात म्हणजे बहुधा मासिक किंवा दिवाळी अंक. मळकट रंगाचा पातळ कागद, मोठं अक्षर, धड्याखाली प्रश्न म्हणजे पाठ्यपुस्तक. शेंगदाण्याच्या नाहीतर चिरमुऱ्याच्या पुड्यावर वाचलेलं असेल तर तेही लिहा, त्यानं वर्तमानपत्र किंवा रद्दीत गेलेलं पाठ्यपुस्तक एवढ्यावर शोध येतो.

पुठ्ठ्याच्या रंगावर मात्र एकदम विसंबू नका. “लाल रंगाचं जाड पुस्तक” असं सांगत लोक येतात. वाचनालयात पुस्तक खिळखिळं झालं की त्याचं मूळ मुखपृष्ठ काढून साधा पुठ्ठा किंवा रेक्झिनची बांधणी करतात. लाल रंग असतो तो बाइंडरकडं त्या दिवशी असलेल्या कापडाचा. दुकानातलं किंवा चित्रातलं मुखपृष्ठ बघून “हे नव्हे” म्हणून तुम्ही नेमकं तेच पुस्तक बाजूला साराल. ही आठवण वेगळ्या तऱ्हेनं उपयोगी पडते: लाल बांधणी म्हणजे ते पुस्तक वाचनालयाचं होतं, आणि खूप जाड असेल तर कदाचित वर्षभराचे मासिकाचे अंक एकत्र बांधलेले असतील.

कुठल्या राज्याचं, कुठल्या भाषेतलं

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला पडत नाही. आपल्याला तो सगळ्यात आधी विचारावा लागतो, आणि इथंच बरेच शोध अडकतात.

शाळेच्या पुस्तकातला उतारा घ्या. “मराठीच्या पुस्तकात होतं” म्हटलं की महाराष्ट्रातले मित्र लगेच बालभारतीची जुनी पुस्तकं बघायला सांगतात. बालभारतीची स्थापना 1967 ची, आणि तिची पुस्तकं महाराष्ट्रातल्या शाळांसाठी. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या सरकारी अभ्यासक्रमाला मराठी पुस्तकं कर्नाटक सरकार स्वतः छापतं. धडे वेगळे, कविता वेगळ्या. एखादा लेखक दोन्हीकडं असला तरी उतारा तोच असेल असं नाही. तेव्हा तुम्ही बेळगाव जिल्ह्यात शिकला असाल तर पहिल्यांदा कर्नाटकाच्या त्या-त्या वर्षीच्या पुस्तकात बघायचं. ती पुस्तकं जपून ठेवणारे लोक म्हणजे निवृत्त शिक्षक आणि जुन्या शाळांची कपाटं. अभ्यासक्रम बदलला की पुस्तक बदलतं, म्हणून दहावीचं साल आठवणं फार महत्त्वाचं.

आजोबा एखादी कविता म्हणतात आणि ती कुठं छापली होती ते शोधायचं आहे? मग 1 नोव्हेंबर 1956 ही तारीख ध्यानात ठेवा. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. 1973 मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. 1956 च्या आधी जिल्हा मुंबई राज्यात होता. आजोबा 1956 च्या आधी प्राथमिक शाळेत होते तर त्यांचं क्रमिक पुस्तक कोल्हापूर-पुण्याच्या जुन्या संग्रहांत सापडण्याची शक्यता जास्त. नंतर गेले असतील तर वाट वेगळी. एकाच घरात थोरल्या भावाचं पुस्तक एका राज्याचं आणि धाकट्याचं दुसऱ्या राज्याचं, असंही आपल्याकडं झालेलं आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा. आपण कन्नड शिकतो, हिंदी शिकतो, इंग्रजी वाचतो आणि अर्थ मनात मराठीत साठवतो. पुढं ती ओळ मराठीतच वाचली होती असं खात्रीनं वाटतं. दहा दिवस मराठी पुस्तकं पालथी घालायची आणि उतारा निघायचा आठवीच्या कन्नड पुस्तकातला. म्हणून कागदावर लिहा: तेव्हा मी कुठल्या कुठल्या भाषेतलं वाचत होतो? उताऱ्यातल्या माणसांची नावं काय होती? गावं कुठली होती? उताऱ्यात भाकरी-आमटी होती की रोट्टी-सारू? असले बारकावे अर्थाबरोबर टिकून राहतात आणि मूळ भाषा दाखवून देतात.

ओळी पद्यातल्या असतील तर

पद्य शोधणं गद्यापेक्षा बरंच सोपं, कारण संत आपली सही ओळीतच ठेवून गेले आहेत. शेवटचं चरण आठवा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘म्हणे नामयाची जनी’ यातलं काही कानात घुमतंय का? शेवट ‘कूडलसंगमदेवा’नं होत असेल तर ते बसवण्णांचं वचन, ‘चन्नमल्लिकार्जुना’ असेल तर अक्कमहादेवींचं, ‘गुहेश्वरा’ असेल तर अल्लमप्रभूंचं. ‘पुरंदर विठ्ठल’ आलं की ते पुरंदरदासांचं पद. आपल्या भागात एकाच भजनी मंडळात मराठी अभंग आणि कन्नड दासरपद दोन्ही म्हणतात, त्यामुळं चाल एक आठवते आणि भाषा दुसरीच निघते. शेवटच्या चरणानं हा गोंधळ मिटतो.

ओवी असेल तर रचनेकडं बघा. दासबोधाचे 20 दशक, दर दशकात 10 समास. संदर्भ दशक-समास-ओवी असा देतात, तो कुठल्याही प्रतीत चालतो. ज्ञानेश्वरीचे 18 अध्याय, ओव्या नऊ हजारांच्या आसपास. अध्याय आणि ओवी क्रमांक एवढं पुरतं, पण प्रतीप्रतींत क्रमांक थोडा पुढं-मागं होतो. तुकारामांच्या गाथ्यात तर अभंगाचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून नुसता “अभंग क्रमांक अमुक” असा संदर्भ अपुरा. कुठली गाथा तेही लिहावं लागतं. बऱ्याच प्रतींच्या शेवटी पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची असते, तिला पादसूची म्हणतात. नव्या वाचकांना ती ठाऊकच नसते. पहिल्या चरणाचा पहिला शब्द आठवला तर पाच मिनिटांत काम होतं. मधली ओळ आठवत असेल तर गावातल्या पारायणाला बसणाऱ्या एखाद्या माळकरी आजोबांना विचारा. ओळ म्हणून दाखवली की ते पुढची-मागची म्हणत अध्यायापर्यंत नेऊन सोडतात.

संतांच्या नावावर फिरणाऱ्या पुष्कळ ओळी त्यांच्या नसतात, तेव्हा गाथेत सापडल्याशिवाय नाव घालू नका.

वाचनालयात गेल्यावर

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. दोन्हीकडं जुनी मराठी पुस्तकं मोठ्या संख्येनं आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बेळगावपेक्षा जवळ. तिथं शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालयही आहे. पण सुरुवात तुम्ही ज्या वाचनालयातून ते पुस्तक आणलं होतं तिथूनच करा, ते कितीही लहान असो.

ग्रंथपालांकडं गेल्यावर पुस्तकाचं नाव येत नाही म्हणून संकोच करू नका. “मी अमुक साली तुमचा वर्गणीदार होतो, माझ्या खात्यावर तेव्हा कुठली पुस्तकं गेली होती ते बघता येईल का?” असं विचारा. देवघेवीची जुनी रजिस्टरं काही ठिकाणी ठेवलेली असतात. त्यात नावासमोर पुस्तकाचा दाखल क्रमांक असतो. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा मिळालेला नंबर. दाखल नोंदवहीत तो नंबर काढला की नाव, लेखक, प्रकाशक, किंमत सगळं एका ओळीत समोर येतं. रजिस्टर नसेल तर पुस्तकाच्या आतल्या तारखांच्या चिठ्ठीचा उपयोग होतो: संशय असलेली चार पुस्तकं काढायची आणि कुठल्या चिठ्ठीवर तुमच्या त्या सुट्टीतला शिक्का आहे ते बघायचं.

मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं विषयवार क्रमांकानं लावलेली असतात. ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य 891.46 खाली येतं आणि कन्नड 894.814 खाली, म्हणजे दोन्ही बरेच लांब असतात. लहान वाचनालयांत कादंबरी, कथा, चरित्र अशी कपाटं असतात, किंवा नुसती दाखल क्रमांकानं लावलेली. तिथं कपाटासमोर उभं राहून एकेक पुस्तकाची पाठ बघत जाणं हीच पद्धत, आणि ती वाया जात नाही. पुस्तक हातात आल्यावर डोळ्यांना जे ओळखता येतं ते तोंडानं सांगता येत नसतं.

दिवाळी अंकांबाबत थोडं जास्त सांगतो. मराठीत ही प्रथा 1909 पासूनची, ‘मनोरंजन’ मासिकाच्या अंकापासून. आपल्याकडची वाचनालयं दिवाळीत ठरावीक वर्गणी घेऊन आठ-दहा आठवडे अंक फिरवतात, आणि एकेक वाचक वीस-पंचवीस अंक वाचून काढतो. अंकाचं नाव कुणाच्या ध्यानात राहणार? पण अंकातली चांगली कथा किंवा लेख पुढं त्या लेखकाच्या पुस्तकात येतो, कधी नाव बदलून, कधी थोडी काटछाट होऊन. दिवाळी अंकात वाचल्याचं नक्की असेल तर पुढच्या तीन-चार वर्षांत आलेले कथासंग्रह आणि ललित लेखांचे संग्रह बघा. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून अंकांची नावं दिलेली असतात, ती वाचायची सवय लावून घ्या.

वर्तमानपत्र असेल तर आवृत्ती बघा. बेळगावचं ‘तरुण भारत’ 1919 पासूनचं. त्याच्या बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, गोवा अशा वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात. तुम्ही सावंतवाडीला आत्याकडं वाचलेला मजकूर बेळगावच्या फायलीत नसण्याची शक्यता आहे. रविवारची पुरवणी काही ठिकाणी वेगळी बांधून ठेवतात, काही ठिकाणी ठेवतच नाहीत. ते आधी विचारून घ्या, म्हणजे वर्षभराची फाइल उलटण्याचे कष्ट वाचतील.

सीमाप्रश्नाबद्दलचा जोरकस उतारा असेल तर तो पुस्तकातला नसून भाषणातला असू शकतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात 1929, 1946 आणि 2000 साली भरलं. 1946 च्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. अध्यक्षीय भाषणं छापली जातात, पुढं स्मरणिकांत त्यांतले तुकडे येतात, आणि घराघरांत ते तुकडे वक्त्याच्या नावाशिवाय फिरत राहतात.

मोबाइलवर शोधताना

आता मोबाइल हातात घ्या. इथं एक उदाहरण घेऊन दाखवतो.

समजा, एका ताईंना आठवतंय: पाऊस पडतोय, एक मुलगी इरलं पांघरून शाळेला निघालीये आणि उंबऱ्यावर उभी राहून आई रडतीये. 1998 च्या सुट्टीत खानापूरला मामाकडं वाचलेलं. लाल बांधणी, पिवळी पडलेली पानं, दोन स्तंभ. ताई मोबाइलवर टाकतात, ‘पावसात शाळेला जाणारी मुलगी आई रडते’. समोर येतात निबंध आणि बातम्या.

यातला कुठला शब्द कमी लोक लिहितात? पाऊस, आई, शाळा हे शब्द लाखो पानांवर असणार. ‘इरलं’ तेवढा विरळा. म्हणून शोध इरल्यावरून लावायचा. पण कसा लिहायचा तो शब्द? बोली ढंगानं लिहिणारा ‘इरलं’ लिहील. प्रमाण लेखनात ‘इरले’. आणि पानं पिवळी आहेत, म्हणजे बांधलेले अंक 1998 चे नसून बरेच जुने असणार. 1962 मध्ये मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले. त्याआधी न उच्चारले जाणारे अनुस्वारही लिहीत: नाहीं, घरांत, केलें, तसेंच. त्या काळच्या छपाईत शब्द ‘इरलें’ असा असेल. शिवाय मराठीत शब्द प्रत्यय लागताना रूप बदलतो: इरल्याखाली, इरल्यातून, इरली. शोधयंत्राला ही सगळी एकाच शब्दाची रूपं आहेत हे दर वेळी कळतंच असं नाही. म्हणून इरलं, इरले, इरलें, इरल्या अशी एकेक रूपं घालून बघायची, आणि सोबत एकच दुसरा शब्द ठेवायचा, ‘उंबरा’ नाहीतर ‘उंबऱ्या’. सलग वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं ते फक्त पद्याच्या बाबतीत, कारण तिथं शब्द लयीमुळं टिकलेले असतात.

गावाच्या नावावरून शोधायचं असेल तर हेच करा: बेळगाव, बेळगांव, आणि 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या मजकुरासाठी बेळगावी.

एक तांत्रिक अडचण सांगितलीच पाहिजे. ‘दुसऱ्या’, ‘उंबऱ्या’ यातला अर्धा र आणि ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणक मात्र ती वेगळी मानू शकतो. तुमचा कीबोर्ड एका तऱ्हेनं लिहितो आणि मजकूर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेला असतो, मग समोर असूनही सापडत नाही. शक्य असेल तिथं अशी अक्षरं नसलेला शब्द निवडा. आपल्या उदाहरणात म्हणूनच ‘उंबऱ्या’वर काही आलं नाही तर ‘उंबरठा’ घालून बघायचं. तसंच युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळण्याआधी डीटीपीवर (संगणकावरच्या अक्षरजुळणीवर) केलेल्या पुष्कळ पीडीएफ जुन्या फाँटमध्ये आहेत. त्यांतला मजकूर वाचता येतो, पण उचलून दुसरीकडं टाकला की निरर्थक अक्षरं उमटतात. तिथं शोधाची खिडकी काहीच देत नाही. अनुक्रमणिका बघून डोळ्यांनीच वाचायचं.

कुठं शोधायचं? मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं टाइप करून तपासलेली आहेत, त्यामुळं तिथला शोध भरवशाचा. इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली मराठी पुस्तकं आणि मासिकं भरपूर आहेत. तिथं पुस्तकांची नावं न शोधता मजकुरात शोधण्याचा पर्याय निवडा, मात्र यंत्रानं वाचलेल्या मजकुरात अनुस्वार आणि जोडाक्षरं चुकलेली असतात हे धरून चला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. लहानपणी गोष्ट वाचली असेल तर ‘किशोर’ मासिक बघा. 1971 पासूनचे अंक नेटवर ठेवलेले आहेत. अर्थ माहीत असलेला पण रूप न आठवणारा जुना शब्द असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश दोन्ही नेटवर आहेत. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणून जाऊन तेवढी वर्षं न झालेल्या किंवा हयात असलेल्या लेखकांची पुस्तकं नेटवर सगळीच्या सगळी मिळायची नाहीत. त्यांच्यासाठी वाचनालयाला पर्याय नाही.

चॅटबॉटला विचारणारे आता पुष्कळ आहेत. एखाद्या शब्दाला आणखी कुठले शब्द आहेत, एखादी कन्नड ओळ मराठीत कशी होईल, एवढ्यापुरता त्याचा उपयोग करा. पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक तो सांगेल तर ते प्रत्यक्ष पानावर दिसेपर्यंत मानू नका. नसलेली पुस्तकं आणि नसलेली पानं तो मोठ्या आत्मविश्वासानं सांगतो, आणि स्पर्धेच्या व्यासपीठावर ते नाव घेणारं पोर अडचणीत येतं.

माणसांना विचारताना

यंत्र थकलं की माणसं उरतात. निवृत्त मराठी शिक्षक, जुने वर्गणीदार, वाचनालयाचे संचालक, रद्दी आणि जुनी पुस्तकं विकणारे. विचारताना तुमचा अंदाज आधी सांगू नका. “हे अमक्या लेखकाचं आहे ना?” म्हटलं की समोरचा माणूस भिडेनं हो म्हणतो आणि दोघंही चुकीच्या दिशेला लागतात. काय नक्की आठवतं, काय वाटतं, काय बघून झालं, या क्रमानं सांगा. आपल्या ताईंचा निरोप असा होईल:

“नमस्कार सर. एक गद्य उतारा शोधतेय. नक्की आठवतं ते असं: पावसात इरलं पांघरून शाळेला जाणारी मुलगी, उंबऱ्यावर आई. पान दोन स्तंभांत, लाल बांधणीच्या जाड खंडात. 1998 च्या उन्हाळ्यात खानापुरात वाचलं. अंदाज एवढाच की जुन्या मासिकाचे बांधलेले अंक असावेत. दहावीपर्यंतची पाठ्यपुस्तकं आणि ‘किशोर’ बघून झालंय. तुम्हाला काही ओळख लागते का? मामा तेव्हा कुठल्या वाचनालयात जायचे तेही विचारतेय.”

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. मामांना विचारलं की वाचनालय कळेल, वाचनालय कळलं की कुठल्या मासिकाचे खंड तिथं लाल बांधणीत आहेत ते कळेल, आणि शोध एका कपाटावर येऊन ठेपेल.

पुस्तक हातात आल्यावर

तीनशे पानांत एक परिच्छेद शोधायचा तर वाचत बसू नका. वाचायला लागलात की गोष्टीत गुंतता आणि उतारा डोळ्यांखालून निसटतो. कागदावरचे तीन शब्द ठरवा, शक्यतो विशेषनाम किंवा विरळ शब्द, आणि बोट पानावरून वरून खाली नेत फक्त तेवढेच शब्द बघत चला. ‘डावं पान, खालची बाजू’ असं लिहिलेलं असेल तर पहिल्या फेरीत नुसती डावी पानं बघा. मात्र ही युक्ती तुम्ही वाचलेल्याच आवृत्तीला लागू आहे. नव्या आवृत्तीत अक्षरजुळणी बदलली की डाव्या पानावरचं उजवीकडं जातं. म्हणून आतलं पान उघडून आवृत्तीचं साल बघा: तुम्ही वाचलं त्यानंतरचं असेल तर जागेची आठवण बाजूला ठेवा आणि सगळी पानं चाळा.

सापडलं की लगेच तीन फोटो काढा, या क्रमानं: उताऱ्याचं पान, पुस्तकाच्या नावाचं पान, आणि आवृत्ती-प्रकाशक छापलेलं त्यामागचं पान. नुसत्या उताऱ्याचा फोटो ठेवला तर वर्षभरानं तो कुठल्या पुस्तकातला हा प्रश्न नव्यानं सुरू होतो. मग वहीत लिहा: उताऱ्याचे पहिले चार शब्द, शेवटचे चार शब्द, लेखक, पुस्तक, आवृत्ती, पान, कुठल्या वाचनालयाचं आणि दाखल क्रमांक. वाचनालयाच्या पुस्तकाचं पान दुमडू नका, पेनानं खूण करू नका. बसचं तिकीट नाहीतर कागदाची पट्टी घाला आणि परत करण्याआधी काढून घ्या.

मूळ शब्द समोर आल्यावर थोडा हिरमोड होऊ शकतो. आठवणीत तो उतारा जास्त लांब, जास्त गहिरा असतो. छापलेला कधी कधी पाचच ओळींचा निघतो. कुठंही देताना छापलेलाच द्या.

आणि नाहीच सापडला तर? भाषणात किंवा लेखात “कुठंतरी वाचलेलं आहे, मूळ सापडलं नाही” एवढं सांगून अर्थ आपल्या शब्दांत मांडा. मोठ्या नावाला चिकटवू नका. वहीत बघून झालेल्या जागांची यादी तारखेसह ठेवा: कुठलं वाचनालय, कुठले खंड, कुठली शब्दरूपं. म्हणजे पुन्हा हात घालाल तेव्हा तीच कपाटं परत उघडावी लागणार नाहीत. तोच मजकूर एका चिठ्ठीवर लिहून, खाली आपला फोन नंबर घालून, ग्रंथपालांकडं ठेवा. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी इथं ग्रामीण साहित्य संमेलनं भरतात, तेव्हा चिठ्ठीची एक प्रत खिशात असू द्या. पुस्तकांच्या स्टॉलवर जुने वाचक आणि शिक्षक दिवसभर भेटतात, आणि दुपारच्या जेवणाच्या पंगतीत निवांत विचारायला वेळही असतो.